शटरिंग पास होईना

आमच्या घराचा पाया पहिल्यांदा नापास झाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, यांचं लक्ष आहे. दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मी कंत्राटदाराला नावं ठेवली. तिसऱ्यांदा झाला तेव्हा मात्र मी फळ्यांकडे बघायचं सोडून यांच्याकडे बघायला लागले.

आमचे हे इकडे तमिळ मुलखात, संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्या कुणीतरी घडवलेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच काम यांनी जन्मभर केलं. पास केलेल्या भागावर यांच्या नंबरचा शिक्का बसायचा. पुढे त्या भागाचं काही बरंवाईट झालं तर तो नंबर बघून यांना बोलावणार. त्यामुळे पास म्हणताना यांचा जीव वरखाली व्हायचा आणि नापास म्हणायला काहीच लागायचं नाही. ती सवय घरीही आली. भाजी नापास, इस्त्री नापास, दाराची कडी नापास. माझी पोळी लग्नानंतर किती वर्षांनी पास झाली ते मी सांगत नाही.

पुढच्या वर्षी हे रिटायर व्हायचे होते आणि कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. कामगारांच्या सोसायटीतर्फे आम्ही फार पूर्वी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, पेरुंगुडीच्या पुढे, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरून आत. घेतला तेव्हा तिथे बगळे आणि काटेरी झुडपं सोडून काही नव्हतं. दोन हजार सालानंतर बघता बघता रस्त्याच्या कडेने काचेच्या इमारती उठल्या. आमची मुलगी त्यातल्याच एका कंपनीत लागली. मी शहरातल्या एका शाळेत हिंदी शिकवत होते आणि माझी नोकरी अजून शिल्लक होती. म्हणजे मुलगी इथे, नोकरी इथे, जमीन इथे. कुठल्याही शहाण्या माणसाने घर इथेच बांधलं असतं.

यांचं मात्र बार्शी. लग्न झालं त्या वर्षीपासून मी ऐकत होते, रिटायर झालो की बार्शीला. बसमध्ये कुणी अंगावर खेकसलं की बार्शीला. सांबार आंबट झालं की बार्शीला. तिथे माझे मोठे दीर, जाऊबाई, त्यांची मुलं-सुना. दर मे महिन्यात आम्ही जायचो, बाहेरच्या खोलीत गाद्या टाकून झोपायचो, आणि ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी घेऊन परत यायचो. बार्शी म्हणजे माझ्या लेखी एवढंच. यांच्या लेखी ते काय होतं ते मी कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं, मला ठाऊक आहे.

तरी घराला हे नाही म्हणाले नाहीत. मुलीने आणि मी मिळून विषय लावून धरला, तेव्हा ‘बघू’ म्हणाले, मग ‘बघा’ म्हणाले. यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मी लगेच इंजिनिअर गाठला. तिथली माती चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी. म्हणून इंजिनिअरने सांगितलं की अख्ख्या घराखाली एकच जाड काँक्रीटचा स्लॅब टाकायचा आणि त्यावर घर उभं करायचं. त्यासाठी खड्डा खणायचा, तळ पक्का करायचा, सळ्यांची जाळी बांधायची आणि चहूबाजूंनी फळ्या उभ्या करून साचा करायचा. हा साचा म्हणजे शटरिंग. आमचा मेस्त्री त्याला सेंट्रिंग म्हणायचा. काँक्रीट ओल्या अंगाने जे ढकलतं ते सगळं या फळ्यांनी पेलायचं असतं. फळी सरकली की कड वाकडी, आणि एकदा वाळलं की मग जन्मभर वाकडी. म्हणून ओतायच्या आधी तपासायचं. मीच यांना म्हटलं, तुमच्यासारखा तपासणारा कुणाला मिळणार, तुम्ही जातीने बघा. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

घाई होती ती पावसाची. इथला खरा पाऊस दसऱ्यानंतर येतो आणि दिवाळीत बसून राहतो. तो आला की आमच्या खड्ड्याचं तळं होणार. कंत्राटदाराने स्पष्ट सांगितलं होतं, पावसाआधी स्लॅब पडला तर घर वेळेत, नाहीतर तो माणसं घेऊन कंपन्यांच्या मोठ्या कामांवर जाणार आणि पोंगल झाल्यावर बघणार. तसं झालं असतं तर हे रिटायर होणार, आम्ही क्वार्टर सोडणार, आणि डोक्यावर छप्पर नाही. मग काय करायचं? थोडे दिवस बार्शीला. ते थोडे दिवस मला चांगलेच समजत होते. एकदा सामान ट्रकमध्ये चढलं की ते परत इकडे उतरत नाही. मला ते व्हायला नको होतं. सरळच सांगते, मला त्या बाहेरच्या खोलीत म्हातारी व्हायचं नव्हतं.

पहिल्या तपासणीला मी बरोबर गेले होते. हे स्कूटरवरून उतरले, पिशवीतून फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेली, सपाटी बघायची स्वतःची लेव्हल काढली आणि खड्ड्यात उतरले. कोपऱ्यात उकिडवे बसले, फळीवरून बोट फिरवलं. दोन फळ्यांच्या मधून उजेड दिसत होता. तिथून काँक्रीटचं दूध गळून जाईल आणि कडेला नुसती खडी राहील, असं यांनी मेस्त्रीला समजावलं. रास्त होतं. मेस्त्रीने फटी बुजवल्या.

दुसऱ्यांदा तळात लाकडाचा भुसा आणि वाकडे खिळे पडलेले होते, तारांची टोकं फळीला टेकत होती. तेही रास्त. मेस्त्रीने झाडून घेतलं, टोकं आत वळवली, फळ्यांना तेलाचा हात दिला. तिसऱ्यांदा यांनी पाण्याची नळी मागवली. लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक मी या कोपऱ्यात धरलं, दुसरं यांनी त्या कोपऱ्यात. दोन्हीकडचं पाणी फळीच्या माथ्याशी बरोबर यायला हवं. माझ्याकडे बरोबर होतं. यांच्याकडे सूतभर कमी. सूतभर म्हणजे नखाच्या कडेएवढं. मेस्त्रीने हात जोडले. कडेला चुना-विटेचं काम येणारच आहे, त्यात ते सूत कुठल्या कुठे जाईल, असं तो तमिळमध्ये मला सांगत राहिला, यांना सांगून उपयोग नाही हे त्याला एव्हाना कळलं होतं.

पुढच्या खेपेला तिरके टेकू कमी पडले. त्याच्या पुढच्या खेपेला टेकू होते पण खुंट्या हलक्या होत्या. एकदा तर हे म्हणाले की इंजिनिअरने नळांच्या जागा पुन्हा येऊन बघाव्यात, आणि इंजिनिअर मदुरैला गेलेला. मेस्त्रीने हात टेकले. साइटला दृष्ट लागू नये म्हणून तो बांबूवर बुजगावणं टांगणार होता, त्यासाठी त्याने माझ्याकडे जुना शर्ट मागितला. मी यांचा कारखान्याचा खाकी शर्ट देऊन टाकला. म्हटलं, निदान हा तरी कुरकुर न करता उभा राहील.

शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक तंजावरकडच्या बाई बसायच्या. मराठीच, पण त्यांचे पूर्वज तिथल्या मराठे राजांच्या काळात आलेले. त्यांचं मराठी ऐकताना मला जुन्या कागदपत्रांतले शब्द ऐकू यायचे आणि वाक्याचा शेवट मात्र तमिळ हेल काढून व्हायचा. मी डबा खाताना त्यांना यांचं बार्शीपुराण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दहीभात कालवता कालवता म्हणाल्या की त्यांच्या पणजोबांचे पणजोबाही थोड्याच दिवसांसाठी आलेले, असं घरात सांगतात. मला ते अजिबात आवडलं नाही. मी विषय बदलला.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटी साइटवर गेले. मेस्त्रीकडून टेप घेतली, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरले. इतक्या वेळा यांच्यामागे हिंडून काय काय बघायचं ते मला पाठ झालं होतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजायचं, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांमधलं. दोन्ही मापं सारखी आली तर कोपरे काटकोनात. सारखी आली. टेकू हलवून बघितले, हलेनात. फटींमधून कुठे उजेड येत नव्हता. जाळीखाली सिमेंटचे ठोकळे जागच्या जागी होते. मी फळीवर बसले आणि मला इतका संताप आला की हातातली टेप फेकून द्यावीशी वाटली. साचा कधीचाच पास झालेला होता. नापास होत होतं ते घर.

त्या संध्याकाळी आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, तुम्हाला घर नको आहे तर तोंडाने सांगा, त्या गरिबाच्या फळ्यांना का छळता. हे म्हणाले, फळी फुगली आहे. मी म्हटलं, मी मोजून आलेय. हे म्हणाले, फुगलेली फळी मोजून कळत नाही. मी क्वार्टरचं बोलले, पावसाचं बोलले, कंत्राटदाराचं बोलले, मुलीच्या ऑफिसचं बोलले. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. हे पेपर उघडून बसले. मी दोन दिवस अबोला धरला, आणि यांना अबोला सोसतो, हेच तर माझं दुखणं.

नवरात्र उजाडलं. माझ्या डोक्यात दसरा होता. एवढा साडेतीन मुहूर्तातला दिवस, त्या दिवशी काँक्रीट पडावं. पण मेस्त्रीने कानाला हात लावले. आयुधपूजेला हत्यारं धुऊन पुजायची, मग दसरा उलटेपर्यंत ती उचलायची नाहीत. नवमीला त्याने घमेली, थाप्या, करवती, उरलेल्या फळ्यांची थप्पी, सगळ्यांना गंध-कुंकू लावलं, मिक्सरला झेंडूची माळ घातली आणि आम्हाला चुरमुरे-फुटाण्यांची पुडी दिली. आमच्याकडेही खंडेनवमी. यांनी देवापुढे लेव्हल, टेप आणि ओळंबा मांडला. मी मनात म्हटलं, देवा, या तिघांना सुबुद्धी दे.

दसऱ्याच्या संध्याकाळी फोन वाजला. बार्शीहून मोठे दीर. दरवर्षी दसऱ्याला आमच्याकडून फोन जायचा, सोनं द्यायला आम्ही तिथे नसायचो म्हणून फोनवरच नमस्कार. या वर्षी यांनी केलाच नव्हता. मी आठवण केली तर ‘करतो’ म्हणाले आणि फोनजवळच्या खुर्चीत बसून राहिले होते. बोलणं फार झालं नाही. माझ्या कानावर ‘हो’, ‘हो’, ‘बरं’, ‘नमस्कार करतो’ एवढंच आलं. फोन ठेवून हे म्हणाले, दादांना सांगितलं घराचं, त्यांनी आशीर्वाद दिला. मला हायसं वाटलं. यांच्या घरात मोठ्या भावाच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, आणि शब्द तर आला. मी गोडाचा शिरा केला होता, त्यात आणखी तूप सोडलं. यांनी तो खाल्ला. नापास केला नाही, पास केला नाही, नुसता खाल्ला.

रात्री एक सर येऊन गेली. सकाळी मेस्त्रीचा फोन, खड्ड्यात पाणी साठलेलं नाही, आभाळ मोकळं आहे, मिक्सर लावतोय, माणसं आणतोय, राहुकाल लागायच्या आत पहिलं घमेलं पडलं पाहिजे, आणि सारना, म्हणजे यांना, कसंही करून घेऊन या. मी शाळेत रजा कळवली. स्कूटरवर मागे बसून जाताना मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते.

साइटवर वाळूचे, खडीचे ढीग लागले होते. बायका डोक्यावर चुंबळी ठेवून उभ्या होत्या. मेस्त्री यांच्या तोंडाकडे बघत पुढे आला, परीक्षेचा निकाल ऐकायला यावा तसा. हे स्कूटरवरून उतरलेसुद्धा नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवला, पिशवी हँडलला लटकत होती ती तशीच राहिली, आणि तमिळमध्ये म्हणाले, ठीक आहे, ओता.

मेस्त्री माझ्याकडे बघायला लागला. महिनाभर मी ज्या एका शब्दासाठी घसा कोरडा केला होता तो शब्द आला होता, आणि तो मला खरा वाटेना. या माणसाने उभ्या जन्मात न मोजता काही पास केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मेस्त्रीला हाताने थांब म्हटलं आणि यांना स्कूटरसकट जरा बाजूला, कुंपणाच्या दगडाशी घेतलं. म्हटलं, रात्री सर येऊन गेलीय, मातीत खुंट्या सैल झाल्या असतील, एकदा बघणार नाही का. हे म्हणाले, कितीदा बघायचं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धीर आला असता. यांचा तो चेहरा बघून मला एकदम फोन आठवला. मी विचारलं, काल दादा नक्की काय म्हणाले?

हे रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावरून कुठल्याशा कंपनीची बस गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

“गणपतीत मी दादांना फोन केला होता,” हे म्हणाले. “घर बांधतोय म्हणून सांगितलं. म्हणाले, बघतो, विचार करून सांगतो. मला वाटलं, सांगतील, कशाला तिकडे बांधतोस, इकडे ये.”

“आणि काल?”

“काल म्हणाले, बरं केलंस. इकडे येऊन तू करणार तरी काय.”

म्हणजे महिनाभर हे फळ्या मोजत नव्हते, फोनची वाट बघत होते, आणि आपल्याबरोबर मेस्त्रीला, मिक्सरला, मला, सगळ्यांना थांबवून धरत होते. यांना बार्शीत घर नको होतं, हिस्सा नको होता. कुणीतरी ये म्हणावं एवढंच हवं होतं, आणि ते मागून घ्यायची गोष्ट नव्हती. मला माझ्या दिरांचा राग आला आणि लगेच गेलाही. त्यांनी मनापासून आशीर्वादच दिला होता. घर भरलेलं, सुना आलेल्या, धाकटा भाऊ तिकडे सुखात आहे असंच ते धरून चालले असणार. त्यांना तरी कुठे माहीत होतं की इकडे कुणी एका वाक्यासाठी अडून बसलंय.

आणि मग माझ्या लक्षात आलं की इकडेही ते वाक्य कुणी म्हटलेलं नव्हतं. मी पाऊस सांगितला होता, क्वार्टर सांगितलं होतं, मुलीची नोकरी सांगितली होती. इतक्या वर्षांच्या संसारात यांना असं काही सांगायची मला सवयच नव्हती. तिकडे मिक्सरवाल्याने मिक्सर सुरू केला होता आणि त्याच्या खडखडाटात मला मोठ्याने बोलावं लागलं.

“मग मी म्हणते,” मी म्हणाले. “इथे राहा. माझ्याजवळ राहा.”

यांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. स्कूटर स्टँडवर लावली, हँडलची पिशवी घेतली आणि खड्ड्यात उतरून पहिल्या कोपऱ्याशी उकिडवे बसले. एका हाताने खुंटी धरून हलवून बघितली, मग पुढच्या खुंटीकडे सरकले.

मेस्त्री माझ्यासमोर मनगटावरचं घड्याळ नाचवायला लागला, राहुकाल लागत आला होता. मी त्याला सांगितलं, मिक्सर बंद कर आणि सगळ्यांना चहा सांग. राहुकाल उलटून गेल्यावर ओतू, साहेब बघतायत.